न झालेलं काम ‘झालं’ म्हणून लिहू नका

पत्राचा सारांश : पत्रलेखक रेल्वेच्या रूळ-देखभाल विभागात सीनियर सेक्शन इंजिनिअर आहेत. वय चव्वेचाळीस, नोकरी बहुतेक सगळी रुळावरच गेली. गेल्या वर्षी त्यांचं युनिट शेजारच्या युनिटमध्ये विलीन झालं. मंजूर पदांतली बरीच रिकामी आहेत, काही ‘सरेंडर’ म्हणजे कायमची रद्द झाली, आणि मस्टरवर जी माणसं आहेत त्यांतली काही कार्यालयांत नाहीतर भलत्याच कामांवर अडकलेली. रोज चालत रूळ तपासणाऱ्या कीमनचे बीट, म्हणजे चालण्याचे पट्टे, लांबले, गँग निम्म्यावर आली. जड काम ठेकेदाराचे मजूर येऊन करून जातात. जुने मुकादम आणि कीमन निवृत्तीची वाट बघताहेत. नव्या भरतीतली पदवीधर मुलं दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करताहेत. मनोबल वाढावं म्हणून वरून एक प्रेरणादायी व्याख्यान ठरवलं गेलं, त्यात सगळे निर्विकार बसून राहिले. बाहेर पडताना एक मुकादम म्हणाले, ‘साहेब, लाइन आता आपली राहिली नाही.’ पत्रलेखकांना रात्री झोप लागत नाही. पत्नी म्हणते, बांधकाम विभागात बदली मागा. त्यांना ती पळवाट वाटते. ते विचारतात : माणसांचं मनोबल कसं वाढवू? आणि मी गेलो तर यांना वाऱ्यावर सोडलं असं होईल का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मनोबलाचा आहे, पण पत्राच्या मध्यावर तुम्ही एक वाक्य लिहून पुढे निघून गेला आहात : ‘तपासणीची नोंद मुदतीत पूर्ण दाखवावी लागते, मग सेक्शन अर्धंच चालून झालेलं का असेना.’ मी त्या वाक्यापाशी अडले, आणि उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे. पण आधी माणसांबद्दल.

तुम्ही असं धरून चालला आहात की माणसं खचली म्हणून कामातला जीव गेला. तेव्हा उत्साह कुठून तरी परत आणला की काम सुधारेल. मला हा क्रम उलटा वाटतो. तुमच्या कीमनकडेच बघा. रोज सकाळी हातोडा, पाना, झेंडे आणि धोक्याच्या वेळी गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके घेऊन तो निघतो, जाताना एका रुळावर नजर ठेवतो, येताना दुसऱ्या. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी चावी सुटली असेल तर ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा, वेल्डपाशी, म्हणजे रुळाच्या जोडापाशी, बारीक रेघ दिसतेय का ते वाकून बघायचं. बीट वाढवून दिला तर तो तेवढं चालेलही. पण तेवढं बघून होईल का? चालणं पूर्ण होतं, बघणं राहून जातं, आणि ते राहून गेलंय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. थंडीत पहाटे रूळ आक्रसतो आणि जुन्या वेल्डपाशी तडकतो. अशा एखाद्या पहाटे लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने धावलेल्या माणसाला आपलं बघणं कमी झालंय हे विसरता येत नाही. तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर मरगळ दिसते. मला वाटतं त्याने परिस्थिती अगदी बरोबर ओळखली आहे. ज्याला कामाची पर्वाच नाही तो इतका खचत नाही.

यात भीतीचाही वाटा आहे आणि ती भीती खोटी नाही. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला. त्यात नोंद आहे की २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांत गेलेल्या लोकांपेक्षा हा आकडा मोठा होता. हे जुनं झालं म्हणावं, तर १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे लासलगावजवळ टॉवर वॅगनच्या (विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या गाडीच्या) धडकेत चार ट्रॅकमन गेले. २२ जानेवारी २०२४ ला वसई-नायगाव दरम्यान सिग्नलची दुरुस्ती करणारे तिघे लोकलखाली गेले. तुमच्या गँगमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये अशा बातम्या आणि फोटो येऊन पडलेले असणार. निम्म्या गँगने पूर्ण गँगचं काम उरकायचं असेल, तर पहिली कात्री कशावर चालते? लुकआउटला उभ्या राहणाऱ्या माणसावर. झेंडा आणि शिट्टी घेऊन नुसता उभा राहणारा माणूस घाईच्या दिवशी रिकामा वाटतो, आणि त्याच्याही हातात फावडं दिलं जातं. हे तुमच्या युनिटमध्ये होतं की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर ते उद्यापासून बंद करा, बाकीचं सगळं नंतर. चार माणसं असतील तर तिघांनी काम करायचं आणि एकाने बघायचं. तिघांत जेवढं होईल तेवढंच त्या दिवसाचं काम. तुम्ही हे सगळ्यांसमोर एकदा सांगितलंत आणि काम मागे पडल्यावरही त्यावर ठाम राहिलात, तर त्या व्याख्यानाने जे झालं नाही ते यातून होईल.

व्याख्यात्याचा दोष नसावा. पण ज्यांना बसवलं होतं त्यांना रेनकोट वेळेवर मिळत नाही, बूट येतात ते भलत्याच मापाचे, गँगहटमध्ये, म्हणजे गँगच्या विसाव्याच्या खोलीत, प्यायचं पाणी नाही. तुमच्या युनिटमध्ये दोन महिला ट्रॅकमेंटेनर आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि त्यांच्याबद्दल पुढे काहीच लिहिलेलं नाही. त्या कपडे कुठे बदलतात, शौचालयाला कुठे जातात, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? स्वतः विचारायला अवघड वाटत असेल तर ऑफिसातल्या एखाद्या ताईंना सोबत घ्या, पण विचारा. अशा माणसांना ‘सकारात्मक राहा’ असं सांगितलं की त्यांना एवढंच ऐकू जातं की अडचण तुमच्या डोक्यात आहे. पुढच्या वेळी असं काही ठरलं तर नम्रपणे लिहून कळवा की या दिवसाऐवजी बूट-रेनकोटांचं वाटप आणि हटची दुरुस्ती झाली तर युनिटला जास्त उपयोग होईल. उत्तर येईल किंवा येणार नाही. मागणी कागदावर राहील.

आता त्या वाक्याकडे.

न चाललेलं सेक्शन चालल्याची नोंद होते, तेव्हा तुमच्या युनिटमध्ये नेमकं काय घडतं ते बघा. वरच्या कार्यालयाला कळतं की माणसं कमी करूनही तपासण्या शंभर टक्के होताहेत. म्हणजे कपात बरोबर होती. पुढची पदं मागताना तुमच्या हातात काही उरत नाही, कारण तुमच्याच सहीचा कागद तुमच्या विरुद्ध बोलतो. खाली गँगला कळतं की साहेब खोटं लिहितात. ते तुम्हाला दोष देत नसतील, तुमची अडचण त्यांना समजते. पण जे काम न करताही त्याची नोंद होऊ शकते, ते उन्हात चालून कशाला करायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच. ‘लाइन आपली राहिली नाही’ असं मुकादम म्हणाले, त्याचा अर्थ तुम्ही ठेकेदार आणि विलीनीकरण यांच्याशी लावलात. मला शंका आहे की त्यांचा रोख या वहीकडेही होता. एकदा बाजूला बसवून त्यांनाच विचारा, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं. मध्ये न बोलता ऐका.

आणि अपघात झाला तर काय? १९ ऑगस्ट २०१७ ला उत्तर प्रदेशात खतौलीजवळ कलिंग-उत्कल एक्स्प्रेस घसरली, वीसहून अधिक प्रवासी गेले. तिथे रुळाचं काम चालू होतं आणि ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून दिलेला वेळ, मिळालेला नव्हता. काही दिवसांत तेरा कर्मचारी बडतर्फ झाले. त्यांत एक कनिष्ठ अभियंता होता आणि गँगमधली माणसं होती. चौकशी कागदापासून सुरू होते. ब्लॉक किती वेळा मागितला, कधी नाकारला गेला, माणसं किती होती, काय राहिलं, हे ज्याच्याकडे तारखेनिशी लिहिलेलं नसतं त्याची बाजू कोणी ऐकत नाही. माणसं नव्हती म्हणून काम राहिलं, हे सांगण्यासारखं कारण आहे. काम झालं अशी सही असेल तर सांगायला काहीच उरत नाही.

हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमची झोप उडण्याचं कारण मला इथेच दिसतं, आणि यातला बराचसा भाग तुमच्या हातात आहे म्हणून लिहिते आहे.

काय करता येईल? आजपासून रोज संध्याकाळी एका साध्या वहीत लिहा : आज हजर किती, त्यांतले दुसरीकडे पाठवलेले किती, हाती घेतलेलं काम कोणतं, राहिलेलं कोणतं आणि का. कारण दोन-तीन शब्दांत पुरे : ‘ब्लॉक नाही’, ‘माणसं नाहीत’, ‘साहित्य आलं नाही’. आठवड्याच्या शेवटी त्याचं एक पानभर पत्र करून तुमच्या एडीईएनला (सहायक विभागीय अभियंत्याला) पाठवा. पत्राचा सूर तक्रारीचा नको, विचारणेचा असू द्या. ‘उपलब्ध मनुष्यबळात या आठवड्यात पुढील कामे होऊ शकली, पुढील कामे प्रलंबित आहेत. प्रलंबित कामांपैकी कोणती आधी घ्यावीत याबाबत मार्गदर्शन व्हावे.’ एवढंच. आवक नोंदवून घ्या, प्रत स्वतःकडे ठेवा. यातली मेख ‘कोणती आधी’ या दोन शब्दांत आहे. आज काय सोडायचं हे तुम्ही एकटे, रात्री अंथरुणात ठरवता आणि त्याचं ओझंही एकटेच वाहता. ते ठरवण्यात वरच्याला सामील करून घ्या. त्याने क्रम लावून दिला तर ती जबाबदारी वाटली गेली. तो गप्प बसला तर गप्प बसल्याची तारीख तुमच्याकडे आहे.

मागच्या नोंदींचं काय, असं तुमच्या मनात येईल. जुनी पानं खोडू नका, मागच्या तारखेने काहीही लिहू नका. ज्या जागा धोक्याच्या आणि ज्यांच्या नोंदीबद्दल तुम्हाला स्वतःलाच खात्री नाही, त्या आधी खरोखर बघून घ्या : पॉइंट-क्रॉसिंग (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा), तीव्र वक्र, जुने वेल्ड, पुलांच्या दोन्ही बाजूंचे भराव. सापडेल ते आजच्या तारखेने लिहा. आणि ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एखाद्या निवृत्त वरिष्ठाशी या सगळ्याबद्दल मोकळेपणाने बोला. तुमच्या खात्यातल्या शिस्तीच्या कारवाईतले बारकावे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतील.

‘लिहून काही होत नाही’ असं तुम्ही पत्रात दोन ठिकाणी म्हटलंय. उद्या होणार नाही, हे मान्य. पण संसदेत डिसेंबर २०२२ मध्ये कॅगचा गाड्या घसरण्यावरचा अहवाल आला तो आठवा. २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांतले ११२९ चौकशी अहवाल तपासून त्यांनी दाखवलं की ४२२ घसरणी अभियांत्रिकी विभागाकडे जातात, आणि त्यांतलं सर्वांत मोठं कारण, १७१ प्रकरणांत, रुळाची देखभाल हे होतं. रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांत काही ठिकाणी ३० टक्के तर काही ठिकाणी थेट १०० टक्के तूट होती, हेही त्यांनी छापलं. सुरक्षेसाठीच्या निधीतून भलत्याच वस्तू घेतल्याचंही त्यात आलं. ती तूट कुठेतरी तूट म्हणूनच नोंदलेली होती, म्हणून तिच्यावर बोट ठेवता आलं. तुमच्यासारख्या युनिटांनी सगळं पूर्ण दाखवलं असतं तर लेखापरीक्षकाला काय दिसलं असतं?

फेररचना म्हणजे दगडावरची रेघ असंही नसतं. डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ अधिकारी-सेवा एकत्र करायचं ठरवलं, आणि २०२४ मध्ये अभियंत्यांची भरती पुन्हा अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून करण्याचा निर्णय झाला. तुमच्या युनिटची विभागणीही कधीतरी पुन्हा टेबलावर येईल. त्या दिवशी कोणाच्या हातात आकडे असतील, हा प्रश्न आहे.

इथे मला तुमच्या आणखी एका गृहीताला हात घालायचा आहे. पत्रात ‘पूर्वी’ हा शब्द फार वेळा आला आहे. पूर्वी गँग मोठी होती, पूर्वी माणसं जीव लावून काम करायची. खरं असेल. पण पूर्वी उन्हातान्हात बीटरने खडी ठोकून ठोकून माणसांच्या कंबरा आणि खांदे कायमचे जायचे. ते काम आज टॅम्पिंग मशीन करतं, आणि जास्त एकसारखं करतं. यंत्र आलं म्हणून काही पदं कमी होणं हा सरळसरळ अन्याय म्हणता येणार नाही. अन्याय कुठे होतो? यंत्र येईल असं धरून पदं आधीच काढली जातात आणि यंत्राला लागणारा ब्लॉक मात्र मिळत नाही. कॅगच्याच अहवालात यंत्रं रिकामी उभी राहण्याच्या कारणांत ब्लॉक न मिळणं आणि ब्लॉकचं नियोजनच नसणं ही दोन सर्वांत वर आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ‘रोलिंग ब्लॉक’ आला, कामं ५२ आठवडे आधीपर्यंत आखायची सोय झाली. तुमच्या सेक्शनला त्यातून प्रत्यक्षात किती तास मागितले गेले आणि किती मिळाले, हे तुमच्या वहीत येऊ द्या. ‘माणसं द्या’ या मागणीपेक्षा ‘इतके तास मागितले, इतके मिळाले, इतकं काम राहिलं’ हे नाकारायला अवघड जातं.

ठेकेदाराच्या मजुरांबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय. त्यांच्यावर चिडू नका, त्यांची रोजी तुमच्या माणसांहून किती कमी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनाही काम सुरू करण्याआधी गाडी कुठून येते, शिट्टी वाजली की कोणत्या बाजूला व्हायचं, हे रोज सांगायला हवं. चिंता करण्यासारखी गोष्ट निराळी आहे, आणि तिचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. तिथे १९९०च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं. रूळ एका कंपनीचे आणि देखभाल निरनिराळ्या ठेकेदारांची. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डजवळ रुळाचे तुकडे होऊन गाडी घसरली, चार प्रवासी गेले. रुळाला भेगा पडल्यात हे आधी माहीत होतं. बदलायचा रूळसुद्धा आणून ठेवलेला होता, तो बसवला गेला नव्हता. त्यानंतर असे किती रूळ देशभर आहेत याचा कंपनीलाच पत्ता नाही असं निघालं, जिकडे तिकडे वेगमर्यादा लावाव्या लागल्या, वर्षभरात ती कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. तिच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने २००३ मध्ये सगळी देखभाल ठेकेदारांकडून काढून आपल्या माणसांकडे घ्यायचं ठरवलं. मजूर बाहेरचे असले तरी चालून जातं. रुळाची माहिती बाहेर गेली, किंवा कुणाकडेच राहिली नाही, की असं होतं.

तुमच्या युनिटमध्ये ही माहिती आज कुणाकडे आहे? त्याच निवृत्तीला आलेल्या मुकादम-कीमनकडे. काळ्या मातीचा भराव कोणत्या किलोमीटरला पहिल्या पावसात बसतो, कोणत्या मोरीत कचरा अडकून पाणी रुळाला लागतं, कोणता जॉइंट उन्हाळ्यात त्रास देतो, कोणत्या वळणावर गाडीचा आवाज उशिरा येतो. युनिटं विलीन झाली तेव्हा नकाशे आणि रजिस्टरं हलली, ही माहिती हलली नाही. ती गोळा करायचं काम तुम्ही ताबडतोब सुरू करू शकता, आणि त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. एका जुन्याबरोबर एका नव्याला बीटवर पाठवा. जुन्याने बोलायचं, नव्याने फोनवर किलोमीटर आणि खांबाच्या क्रमांकासह टिपून घ्यायचं. मात्र टिपताना दोघांनीही रुळापासून बाजूला उभं राहायचं, चालताना फोन खिशात. यातून तयार झालेल्या कागदावर दोघांचीही नावं घाला. ज्या मुकादमाला आपली लाइन राहिली नाही असं वाटतं, त्याचं नाव त्या लाइनच्या माहितीवर राहील.

मुलांबद्दल थोडं. तुम्ही लिहिता की नव्यांना कामात रस नाही, सगळे दुसऱ्या परीक्षांच्या मागे आहेत. ही बहुतेक २०१९च्या जाहिरातीतून आलेली असावीत. १,०३,७६९ पदांसाठी एक कोटीहून जास्त अर्ज आले होते आणि परीक्षा झाली २०२२ मध्ये. विज्ञानाची, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्यांनी तीन वर्षं वाट बघितली आणि हातात फावडं आलं. त्यांनी पुढचा अभ्यास करणं स्वाभाविक आहे. तो लपून करावा लागतो म्हणून ती तुमच्यापासून लांब राहतात. उघड विचारा, कोणाची कोणती परीक्षा कधी आहे. खात्यांतर्गत परीक्षा असो की बाहेरची, रजेचं वेळापत्रक आधी ठरवून द्या आणि त्याबदल्यात बाकीच्या दिवसांची पक्की हजेरी मागा. जो मुलगा वर्षाने जाणार आहे तो हे वर्ष चांगलं काम करू शकतो. कोणी ज्युनिअर इंजिनिअर झाला तर त्याच्याइतका लाइन ओळखणारा अधिकारी खात्याला दुसरा मिळणार नाही.

सकाळची हजेरी झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. भाषण नको. आज किती जण आहोत, काय करणार, काय करणार नाही, आणि युनिटच्या बदलाबद्दल मला काय कळलंय, काय कळलेलं नाही, एवढं सांगा. अफवा पसरतात त्या साहेब गप्प असतात तेव्हा. ‘मला माहीत नाही, कळलं की त्याच दिवशी सांगेन’ हे वाक्य ऐकायला कमीपणाचं वाटेल, पण तुमच्या शब्दावर विश्वास बसायला तेच लागतं. दुसऱ्या कामावर अडकलेली माणसं परत मागताना मात्र नावानिशी आणि लेखी मागा. आणि सगळंच तुमच्या तोंडून वर जायला हवं असं नाही. बीटची लांबी, बूट, हटमधलं पाणी, रात्रपाळीची विश्रांती हे विषय गँगमधल्या माणसांनी आपल्या मान्यताप्राप्त युनियनच्या शाखेत मांडले तर ते युनियन आणि प्रशासन यांच्या वाटाघाटींच्या विभागीय पीएनएम बैठकीत येतात आणि तिथे इतिवृत्त लिहिलं जातं. त्यांनी तसं केलं तर तो तुमच्याविरुद्धचा कट समजू नका. तुमची वही त्यांच्या मागणीला आधार देईल, त्यांची मागणी तुमच्या पत्राला.

हे वाचणाऱ्यांत वीज वितरणातले लाइनमन असतील, एसटीच्या आगारातले मेकॅनिक असतील, पालिकेचे चावीवाले, सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका असतील. त्यांचाही अनुभव हाच असणार : माणसं कमी होतात, तक्ता मात्र भरलेला दिसायला हवा असतो. तुमच्या खात्याचे नियम तुम्हीच जाणता. पण राहिलेलं काम राहिलं म्हणून लिहिणं, वरच्याला क्रम लावायला सांगणं आणि जिवाच्या सुरक्षेतली माणसं कधीही न कापणं, या तीन गोष्टी तुमच्याकडेही करता येतील. सुरुवात एकट्याने करू नका, शेजारच्या पाळीतल्या किंवा शेजारच्या युनिटमधल्या एकाला तरी बरोबर घ्या. दोन ठिकाणांहून सारखंच पत्र गेलं की एकालाच ‘नकारात्मक’ ठरवून बाजूला करणं जड जातं.

आता तुमची बदली. तुमच्या पत्नीच्या सल्ल्याला पळवाट ठरवण्याआधी त्यांनी काय बघितलंय ते लक्षात घ्या : फोन वाजला की दचकणारा, जेवताना घड्याळाकडे बघणारा, रात्री उठून फेऱ्या मारणारा नवरा. त्यांच्या म्हणण्यात पळवाट मला दिसत नाही. झोपेचा त्रास काही आठवडे टिकलाय, तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांना तो स्पष्ट सांगा. तिथे ओळखीमुळे संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही. गँगमधल्या एकाचं पिणं वाढल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यालाही हा क्रमांक द्या, आणि तोवर त्याला लुकआउटवर किंवा रात्रीच्या पेट्रोलिंगवर एकटं पाठवू नका.

बदली मागणं यात गैर काही नाही, आणि थांबणं हा काही मोठेपणा नव्हे. फक्त आजच्या मनःस्थितीत ठरवू नका, कारण आज तुम्ही जाल ते त्या वहीपासून सुटण्यासाठी, आणि ती सल बांधकाम विभागातही बरोबर येईल. अर्ज आत्ता भरून ठेवा. बदलीला तसाही वेळ लागतो. दरम्यान पावसाळी पेट्रोलिंगचा एक हंगाम खऱ्या नोंदींनी काढा. त्यानंतर मन जावं म्हणालं तर निर्धास्त जा. पण जाताना मागच्या माणसासाठी बीटवार टिपणं, प्रलंबित कामांची खरी यादी आणि तुम्ही पाठवलेल्या पत्रांच्या प्रती ठेवून जा. त्या यादीवर नव्या साहेबाची सही घ्या आणि एक प्रत मुकादमांकडे राहू द्या. हंगाम संपल्यावर काय ठरवलंत ते कळवलंत तर मला बरं वाटेल.